बातमी वाचल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, आणि तेव्हापासून दर जुलैत आमच्या घरातले सगळे मोबाइल पाण्याच्या आकड्यांनी भरून जातात. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, पुण्यात माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. ओळखीच्या चौकात छातीएवढे पाणी, होडीतून उतरणारी माणसे आणि खाली मजकूर : ‘सांगलीत पाणी शिरले, कोयनेचे दरवाजे उघडले, सर्वांना कळवा.’ मी तो तसाच नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. सांगलीच्या गावभागात एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीने तो पाहिला, शेजारच्या मुलाला उठवले आणि रात्री दीड वाजेपर्यंत धान्याचे डबे, गाद्या आणि देवघरातल्या मूर्ती माळ्यावर चढवल्या. त्या रात्री कृष्णा इशारा पातळीच्याही खाली वाहत होती. व्हिडिओ 2019 चा होता. पुढचे आठ दिवस मावशीचा गुडघा सुजलेला होता आणि ती मला एका शब्दानेही बोलली नाही, हे मला अधिक लागले.

बातमी ऐकून भीती, राग किंवा दुःख वाटणे स्वाभाविक आहे आणि ते दाबून टाकावे असे मी सुचवणार नाही. मात्र बातमी वाचणे आणि तिच्यावर व्यक्त होणे यांच्यामध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवता येते, आणि ते कसे ठेवायचे हे शिकता येते. गेली काही वर्षे मी ज्या पद्धतीने हे करतो, ती येथे मांडतो.

कागदावर तीन ओळी

एखादी बातमी वाचताना शेवटच्या ओळीपर्यंत डोळे पोहोचण्याआधीच अंगठा पाठवण्याच्या खुणेकडे वळला, तर तेथेच थांबावे. छातीत धडधड होणे, कान तापणे, कोणालातरी लगेच सांगावेसे वाटणे या खुणा सांगतात की मजकूर आपल्या विचारापर्यंत पोहोचण्याआधी भावनेपर्यंत पोहोचला आहे. फोन पालथा ठेवावा आणि हाताशी असेल त्या कागदावर तीन ओळी लिहाव्यात : काय घडले, ते कोणी सांगितले आणि मला काय वाटले. हे मनातल्या मनात करून भागत नाही, कारण मनात या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्याच राहतात.

माझ्या त्या व्हिडिओवर हे करून पाहू. ‘काय घडले’ या ओळीत मी काय लिहिले असते? पाणी शिरले. कधी? मजकुरात तारीख नव्हती, ‘आज’ हा शब्दसुद्धा नव्हता. पातळी किती? आकडा नव्हता. सांगलीत कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे तेथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, त्यामुळे पुराची खरी बातमी फूट आणि इंच सांगितल्याशिवाय पुढे जातच नाही. कोयनेचे दरवाजे उघडले म्हणजे किती फुटांनी, आणि विसर्ग किती क्युसेक, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले? दरवाजा एक फूट उघडणे आणि दहा फूट उघडणे यांत फार मोठा फरक असतो. शिवाय कोयनेचे पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेथून सांगलीला पोहोचायला कित्येक तास लागतात, म्हणजे दरवाजे उघडल्याची बातमी आणि चौकातले पाणी एकाच क्षणी दिसणे मुळातच संशयास्पद होते. ‘कोणी सांगितले’ या ओळीत मला माझ्या मावसभावाचे नाव लिहावे लागले असते, कारण व्हिडिओ त्याने पाठवला होता, पण तो त्या वेळी ठाण्यात होता आणि त्याने तो स्वतः काढलेला नव्हता. पाठवणारा आणि सांगणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि आपण विश्वास ठेवतो तो बहुतेक वेळा पाठवणाऱ्यावर. तिसरी ओळ मात्र भरली असती : मावशी एकटी आहे, मला भीती वाटते.

तिसरी ओळ खरी होती आणि पहिल्या दोन रिकाम्या होत्या. असे दिसले की काय करायचे हेही तेथेच कळते. भीती मावशीविषयी होती, तेव्हा मावशीला फोन करायला हवा होता. ‘मावशी, तुझ्याकडे पाणी कुठवर आलंय?’ एवढे विचारले असते तरी पुरेसे होते.

मराठी बातमीतले छोटे शब्द

आपण मथळा वाचतो आणि क्रियापद सोडून देतो. बातमीचे वजन मात्र त्या क्रियापदातच असते. ‘असे समजते’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘अशी चर्चा आहे’, ‘असा दावा केला जात आहे’ या चार वाक्प्रयोगांचा अर्थ असा की नाव घेऊन जबाबदारी स्वीकारणारे कोणी अजून पुढे आलेले नाही. अशी बातमी खोटीच असते असे मुळीच नाही; चांगले पत्रकार अनेकदा सूत्रांच्या आधारानेच मोठी प्रकरणे उघडकीस आणतात. वाचकाने एवढेच करावे की त्या बातमीवर आपले मत पेन्सिलीने लिहावे, शाईने लिहू नये. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर बातमीत सापडते का, हे आधी शोधावे.

गुन्ह्याच्या बातम्यांत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. गुन्हा दाखल होणे म्हणजे पोलिसांनी तक्रार नोंदवणे. अटक होणे म्हणजे तपासासाठी ताब्यात घेणे. आरोपपत्र म्हणजे तपासानंतर पोलिसांनी न्यायालयापुढे ठेवलेले म्हणणे. आणि दोषी ठरणे हे न्यायालयाने पुरावा तपासून दिलेले उत्तर. या चार पायऱ्यांमध्ये अनेकदा वर्षे जातात, पण आपली प्रतिक्रिया पहिल्याच पायरीवर शिक्षा सुनावून मोकळी होते. 2020 मध्ये एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी कित्येक आठवडे जे चालवले, त्याविषयीच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी निकाल दिला. माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्यामुळे तपासात आणि न्यायदानात अडथळा येतो, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले आणि आत्महत्येच्या वार्तांकनाबाबत प्रेस कौन्सिलने वृत्तपत्रांना घालून दिलेली तत्त्वे वाहिन्यांनीही पाळावीत, असे बजावले. त्या काळात आपल्यापैकी किती जणांनी कोणाकोणाला मनोमन गुन्हेगार ठरवले होते, हे आठवून पाहणे हा चांगला अभ्यास आहे. मी स्वतः ठरवले होते.

आवाज बंद करून पाहावे

दूरचित्रवाणीवर शब्दांपेक्षा इतर गोष्टी अधिक काम करतात. त्यासाठी एक साधा प्रयोग आहे. एखादी मोठी घटना सुरू असताना वाहिनीचा आवाज पूर्ण बंद करून 15 मिनिटे पाहावे आणि तेच दृश्य किती वेळा परत दाखवले जाते, ते कागदावर रेघा मारून मोजावे. आमच्या घरी आम्ही हे एकदा केले, तेव्हा पडणाऱ्या इमारतीचे सहा-सात सेकंदांचे एकच दृश्य 19 वेळा आले. आवाज चालू होता तेव्हा आम्हाला वाटत होते की घटना वाढत चालली आहे, पण नवीन माहिती त्या वेळात एकच होती, आणि ती खालच्या पट्टीवर होती. पार्श्वसंगीत, लाल रंग, एकाच वेळी बोलणारे सहा चेहरे आणि ‘सर्वांत आधी आमच्याकडे’ हे आश्वासन यांचा परिणाम आवाज बंद केल्यावर निम्म्याने उतरतो. मग आवाज चालू करून पुन्हा ऐकावे, म्हणजे कोणता राग बातमीने आणला होता आणि कोणता संगीताने, हे आपले आपल्याला समजते.

वारंवार पाहण्याचा परिणाम केवळ मतांवर होत नाही. 2013 साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा त्याहून अधिक त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी सांगितलेला मानसिक ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याचे तीन दिवस ज्यांनी पडद्यासमोर काढले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून मोठ्या दुर्घटनेच्या दिवसांत बातम्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी एकदा अर्धा तास एवढे पुरते. झोपण्याच्या आधीचा तास पूर्ण मोकळा ठेवावा. घरात लहान मुले असतील, तर ती न बघता ऐकत असतात, हे ध्यानात ठेवावे. बातम्यांमुळे झोप उडणे, दचकणे, काम न सुचणे असे दोन-तीन आठवडे चालले, तर डॉक्टरांशी बोलावे किंवा टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आवडलेली बातमी

राग आणणाऱ्या बातमीपेक्षा सुखावणाऱ्या बातमीपासून मला अधिक भीती वाटते. ‘मी म्हटलंच होतं’ असे शब्द ओठांवर आले, की समजावे, आता आपण काहीही तपासणार नाही. ज्यांच्याविषयी आपल्याला आधीपासून संशय आहे, त्यांच्या वाईट वागण्याची बातमी आपल्याला लगेच पटते, आणि जे लोक आपल्या ओळखीचे नाहीत, त्यांच्याविषयी तर काहीही पटू शकते.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात आधीच फिरत होते. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. पोलिसांनी त्यांना वाचवले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती, आणि मुलाला परत आणून सोडल्याचा व संदेशाचा शेवटचा भाग कापून ती भारतात पाठवली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आज एखाद्या संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून आलेला आहे, असे समजावे. तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

तो संदेश पाठवणाऱ्या बहुतेक आईबापांना मुलांची खरोखरच काळजी होती, असे मला वाटते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सोडत नाही. काळजी खरी असली, तरी तिच्या जोरावर पाठवलेली माहिती खरी ठरत नाही. म्हणून आपल्याला आवडलेल्या किंवा आपली भीती खरी ठरवणाऱ्या प्रत्येक बातमीबाबत स्वतःला एक प्रश्न विचारावा : हीच गोष्ट माझ्या गावच्या, माझ्या जातीच्या, माझ्या पक्षाच्या माणसाविषयी आली असती, तर मी कोणता पुरावा मागितला असता? तेवढाच पुरावा येथेही मागावा.

व्यक्त होताना

दहा मिनिटांनंतरही बोलावेसे वाटले, तर जरूर बोलावे. गप्प बसणारा वाचक मला अभिप्रेत नाही. लिहिताना पहिल्या वाक्यात जे ठाऊक आहे ते आणि त्याचा आधार द्यावा, आपले मत त्यानंतर ‘मला वाटते’ असे म्हणून मांडावे, आणि पूर्ण बातमी वाचली नसेल, तर मथळ्यावर मत देऊ नये. वर्तमानपत्राची चूक सापडली, तर आधी संपादकांना तारीख व पान क्रमांकासह पत्र लिहावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. वाहिनीविरुद्धची तक्रार आधी त्या वाहिनीकडेच करायची असते आणि केबल दूरचित्रवाणीच्या 2021 च्या नियमांनुसार तिने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी चुकीची गोष्ट पाठवली, तर ग्रुपवर सर्वांसमोर ‘हे खोटे आहे’ असे लिहू नये. त्यांना फोन करावा. ‘काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं. हे तुम्हाला कुणाकडून आलं? मला तारीख दिसली नाही, तुम्हाला दिसली का?’ असे विचारले, की बहुतेक काका स्वतःच पाहतात आणि स्वतःच काढून टाकतात.

चूक आपली असेल, तर मात्र ती जेथे केली तेथेच, सर्वांसमोर सांगावी. नुसता संदेश पुसून टाकल्याने तो ज्यांनी वाचला आहे, त्यांच्या मनातून तो जात नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर लिहिले ते असे : ‘काल रात्री मी पाठवलेला पुराचा व्हिडिओ 2019 चा आहे. मी तारीख तपासली नव्हती. आज सकाळी आयर्विन पुलाजवळची पातळी इशारा पातळीच्या खाली आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी कृपया हेही पुढे पाठवावे. मावशी, मी शनिवारी येतो आणि डबे खाली काढून देतो.’