लघवीचा नमुना कल्चरसाठी पाठवताना

घोडबंदर रोडवरून नमुना ठाणे स्टेशनजवळच्या लॅबमध्ये न्यायचा असेल, तर ट्रॅफिक आधीच धरून चाला. लघवी दोन तासांत कल्चरच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या बशीवर, लागली पाहिजे. जमत नसेल तर लगेच फ्रिजमध्ये 4 अंशांला ठेवा, मग 24 तास चालते. उबेत ई. कोलाय हा जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. कातडीवरून आलेले मोजके जंतूही असेच वाढून संसर्ग भासतात आणि पेशंटला नाहक अँटिबायोटिक मिळते.

धार मधली घ्या, औषध सुरू होण्याआधी.

विद्यार्थ्यांनो, 0.001 मिलिलिटरचा लूप (लघवी उचलायची तारेची कडी) सरळ उभा धरून पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवा. तिरका किंवा खोल गेला की दांडीलाही लघवी चिकटते, जंतूंचा आकडा फुगतो. प्लेटवर 100 कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) म्हणजे मिलिलिटरला 1,00,000 जंतू. तीन-चार प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर नमुना पुन्हा मागवा.