नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खोली

नागपुरात होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याआधी एक भिंतीवरचा थर्मामीटर आणा. मोबाइलवरचा आकडा शहराचा असतो, तुमच्या स्लॅबखालच्या खोलीचा नाही. शहराचाही दर वेळी खरा असतोच असं नाही. २०२४च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि नंतर हवामान खात्यालाच यंत्र बिघडल्याचं सांगावं लागलं. थर्मामीटर उशाशी टांगा आणि रात्री अकरालाही बघा. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही आग ओकत असतो. सर्वांत वरच्या मजल्यावर असाल तर एप्रिल लागण्याआधी गच्चीला पांढरा चुना मारून घ्या.

कूलरच्या ताट्या नव्या घाला, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पोसाल. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. मृगाची पहिली सर आली की हवा दमट होते आणि कूलरचा काही उपयोग राहत नाही, तेव्हाची सोय आत्ताच बघा.

आता बिछाना. पक्षाघातानंतर आमच्या आईला बोलता येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात कूलर थेट तिच्या अंगावर लावला होता, हात गार लागायचे, आम्ही निर्धास्त. एका दुपारी कूस बदलायला पाठीखाली हात घातला तर चादर पिळून काढावी इतकी ओली, आणि माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा. खाली रबरशीट, वर डायपर. वारा लागणार कुठून? तेव्हापासून रबरशीटवर जाड सुती चादर, दुपारी शक्य तितका वेळ डायपरशिवाय, आणि दर दोन तासांनी पाठीखाली हात.

एअर मॅट्रेसचा पंप इन्व्हर्टरवर जोडून घ्या, त्याला वीज नावापुरती लागते. ऑक्सिजनच्या मशीनचं तसं नाही; ते घरगुती बॅटरी बघता बघता संपवतं. भरलेला सिलिंडर घरात असू द्या आणि त्याची चावी त्यालाच बांधून ठेवा.

डॉक्टरांकडे मार्चमध्येच जा. लघवीच्या, बीपीच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्या शरीरातलं पाणी घटवतात किंवा घाम अडवतात. त्या स्वतःहून बंद करू नका, विचारा. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर 'भरपूर पाणी पाजा' हा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका, दिवसाला किती मिली ते लिहून घ्या. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नको. युरीन बॅग असेल तर लघवीचा रंग रोज बघा. तो कोऱ्या चहासारखा झाला तर डॉक्टरांना लगेच फोन करा.

अंग तापलेलं आणि माणूस बरळायला लागला, किंवा हाकेला ओ देत नसेल, तर तो उष्माघात समजा. १०८ला फोन करा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवून पंखा लावा. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

राहिल्या आजाऱ्याचं करायला येणाऱ्या मावशी. भर दुपारी एक वाजता त्यांना बोलावू नका. आमच्याकडे त्या मेमध्ये सकाळी सातला येतात, दहाला जातात, पुन्हा सहाला येतात. दुसऱ्या फेरीचं ऑटोभाडं पगाराव्यतिरिक्त द्या. ते मागायला त्या लाजतात.