मुलांचं लिखाण छापायला पाठवताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी तेलुगू, काहींकडं कन्नड, चार-पाच जणांकडं उर्दू, आणि मराठी ही शाळेतली अन् रस्त्यावरची. या पोरांकडून लिहून घ्यायचं आणि ते कुठंतरी छापून आणायचं हा माझा जुना नाद. त्यात माझ्या इतक्या चुका झाल्यात की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, निदान दुसऱ्या कुणा मॅडमचा त्रास वाचेल.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लाल पेन. एका मुलीनं घरातल्या मागावर लिहिलं होतं, म्हणजे यंत्रमागावर, आमच्याकडं नुसतं माग म्हणतात. खाली माग, वर घर, दिवसभर खटखट. तिनं लिहिलेलं, "लाईट गेली की माग थांबतो आणि नायनम्मा दचकून उठते." नायनम्मा म्हणजे बापाची आई. आणि मी शहाणीनं काय करावं, नायनम्मा खोडून आजी केलं, लाईट खोडून वीजपुरवठा केलं, आणि शेवट जरा मोकळा वाटला म्हणून 'सोलापुरी चादर जगप्रसिद्ध आहे' हे स्वतःच्या पदरचं वाक्य चिकटवलं. शाळेच्या अंकात छापून आलं. पोरीनं पान बघितलं, सगळं वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, हे माझं नाहीये."

आवाज झाल्यावर सगळेच उठतात हो, आवाज बंद पडल्यावर जागी होणारी म्हातारी फक्त तिनंच बघितलेली, आणि मी तिथं चादरीची जाहिरात लावली.

आता मी ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं एवढंच बघते, तेही पेन्सिलीनं, आणि त्याआधी मूळ पानाची झेरॉक्स काढून ठेवते. शब्दाला हात लावत नाही. घरातला तेलुगू-कन्नड शब्द असेल तर तो काय आहे ते मूलच पुढच्या वाक्यात सांगतं, कंस वगैरे लागत नाही. लिखाण तोकडं वाटलं तर वाक्य सुचवायचं नाही, प्रश्न विचारायचा. दचकून उठल्यावर काय म्हणते ती? मग पोरगं घरी जाऊन बघून येतं आणि असं काहीतरी लिहून आणतं की आपण गप्प. संपादक काटछाट करणार हे मात्र आधीच सांगून ठेवायचं, आणि मोठा बदल असेल तर मुलाला विचारा अशी विनंती पत्रात लिहायची. शेवटी लिखाण त्याचं आहे, १९५७च्या कॉपीराइट कायद्यातसुद्धा पहिला मालक लेखकच धरलाय, आणि लेखक बारा वर्षांचा असला म्हणून ते बदलत नाही.

दुसरी चूक, अक्षर बघून निवडणं. चांगलं अक्षर, पहिला नंबर, वक्तृत्वात बक्षीस, अशीच पोरं आपण पुढं करतो आणि त्यांनी पाठ केलेलं 'पाऊस आला धावत' छाप यमक पाठवून देतो. मागच्या बाकावरचा एकजण मला हातमाग आणि यंत्रमाग यातला फरक तोंडी असा सांगायचा की कुठलं पुस्तक सांगणार नाही, पण लिहायला बसला की तीन ओळी. मग त्याला बोलायला लावलं, दुसऱ्यानं लिहून घेतलं, नंतर त्यानं स्वतः वाचून दुरुस्त केलं. फोनवरचं बोलून टाईप होणारं पण चालतं, फक्त ते नंतर नीट वाचावं लागतं, कारण नायनम्माचं ते काय करेल सांगता येत नाही.

वेळेचं गणित तर सगळ्यांचंच चुकतं. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, संपला की पोरं सगळ्यात भारी लिहितात, अक्षता सोहळा, नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे, शोभेचं दारूकाम, आणि आपण उत्साहात फेब्रुवारीत पाठवतो. मासिकाचं काम महिना-दोन महिने आधीच चालू असतं, संक्रांत होऊन गेल्यावर गड्ड्याचं कोण छापणार. त्यामुळं ते जानेवारीतच लिहून घ्यायचं आणि फाईलला लावून ठेवायचं, पाठवायचं ऑक्टोबरात. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ, तेलुगू घरांतला फुलांचा सण बतुकम्मा, सगळ्याला हाच नियम. दिवाळी अंकाचं काम तर पावसाळ्यातच सुरू झालेलं असतं.

अंक न वाचता पाठवणं ही अजून एक. बालभारतीचा 'किशोर' १९७१पासून निघतोय, जुने अंक ऑनलाईन फुकट वाचायला आहेत, दोन तास पोरांना प्रोजेक्टरवर दाखवा, कुठल्या लांबीचं काय छापतात ते त्यांनाच कळतं. आणि एकच कविता एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका. दोन्हीकडं छापून आली की पुढच्या वेळी आपलं पाकीट कोण उघडेल?

पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. 'बालकवी संग्रह', सर्टिफिकेट, ट्रॉफी, आणि पालकांनी अमुक प्रती घेतल्याच पाहिजेत. विडी वळणाऱ्या आईनं एका पानासाठी पैसे मोजायचे, असलं छापून येणं काय कामाचं. तसंच नावाखाली इयत्ता आणि गाव बास, घरचा पत्ता आणि पालकांचा मोबाईल छापू द्यायचा नाही, फोटो तर विचारल्याशिवाय नाहीच.

आता तांत्रिक रडगाणं. वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की अंधारा, कडा कापलेल्या, दुसऱ्या टोकाला कुणाला वाचता येत नाही. खिडकीपाशी वरून सरळ काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. टाईप केलं असेल तर युनिकोडमध्येच. आमच्या ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, टाईप करून पाठवलेलं एकदा तिकडं नुसती चिन्हं होऊन उघडलं. उलटंही होतं, प्रेसवाला आपलं युनिकोड त्याच्या फॉन्टमध्ये बदलतो तेव्हा जोडाक्षरं आणि रफार फुटतात, 'सुऱ्या', 'पुऱ्या' असले शब्द आधी बघायचे. कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटतात ते वेगळंच. म्हणून प्रूफ कागदावर घ्या आणि लिहिणाऱ्या मुलालाच वाचायला द्या, स्वतःच्या ओळीतली चूक त्याला जितकी पटकन दिसते तितकी आपल्याला नाही दिसत.

शाळेतच अंक काढणार असाल तर ए-फोर मधोमध दुमडून मध्ये पिना मारा, फक्त पानं चारच्या पटीत लागतात. आमची एकदा अठरा भरली, मग दोन पानांसाठी मुलांकडून ऐनवेळी शेंगा चटणीची रेसिपी आणि कोडी लिहून घेतली. खरं सांगू का, सगळ्यात जास्त तीच वाचली गेली.

आणि उत्तर आलं नाही तर? बहुतेक वेळा येत नाहीच. हे पोरांना पाठवायच्या आधी सांगा, नंतर नाही. मी वर्गात भिंतीला एक तक्ता लावलाय, कुणाचं काय, कुठं पाठवलं, कुठल्या तारखेला. तीन महिने झाले की एकदा विचारायचं आणि मग दुसरीकडं. त्या मागाच्या लेखाची झेरॉक्स नव्हती, तिनं परत आठवून लिहिला, नायनम्मासकट, चादरीशिवाय. तक्त्यावर सध्या सातव्या ओळीत आहे, दुसऱ्यांदा पाठवलाय.