गणपतीआधी परसातल्या केळींकडे बघून घ्या

श्रावण सरत आला की कोकणात घरोघरी केळीच्या पानांची तजवीज सुरू होते. नैवेद्याला, पंगतीला पानं लागणारच. पण कोयता घेऊन परसात उतराल तेव्हा लोंगर, म्हणजे घड, धरलेल्या केळीची हिरवी पानं कापू नका. केळफूल बाहेर पडलं की त्या झाडाला नवं पान येत नाही. अंगावर असतील तेवढ्याच पानांवर पुढचे तीन-चार महिने घड पोसायचा असतो. त्यासाठी निदान 8 धडधाकट पानं हवीत. ती कमी झाली तर केळी भरत नाहीत, त्यांच्या सालीवरच्या धारा (कडा) तशाच राहतात.

मग पानं आणायची कुठून? मुनव्यांमधून, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांमधून. एकेका केळीभोवती पाच-सहा मुनवे माजलेले असतात आणि आपण ते मायेनं ठेवतो. ते मात्र आईचं अन्न खातात. पुढच्या पिकासाठी एकच ठेवा, अरुंद, तलवारीसारख्या पानांचा, कंदाला घट्ट धरून वाढलेला. लहानपणीच रुंद पानं फुटलेले मुनवे दिसायला छान, पण कंद दुबळा. त्यांची पानं खुशाल घ्या आणि मुनवा जमिनीलगत छाटून मधला कोंब काढून टाका, नाहीतर आठवड्यात पुन्हा वर येतो. लोंगर उतरवलेल्या केळीची पानंही चालतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे केळ न्हाणीच्या पाण्यावर लावायची रीत आहे, आणि उन्हाळ्यात ती उत्तमच. पावसात मात्र ते पाणी दुसरीकडे वळवा. जांभ्या मातीत पाणी झिरपून जातं, पण शेताच्या कडेला, चिकण जमिनीत ते आळ्यात साचतं आणि मुळं कुजतात. तिथे आळं मोडून बुंध्याला मातीची भर द्या, चर काढा.

जांभ्या जमिनीत खतही पावसाबरोबर वाहून जातं, म्हणून एकदम ओतू नका. उघडीप मिळाली की झाडामागे साधारण 80 ग्रॅम युरिया आणि तेवढंच म्युरेट ऑफ पोटॅश बुंध्यापासून दोन वीत लांब द्या, वर शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला.

पानांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर तो करपा. रोगट भाग कापून परसाबाहेर नष्ट करा, बुंध्याशी टाकू नका. पण शेंड्याला अरुंद, ताठ पानांचा झुबका झाला असेल तर तो पर्णगुच्छ. त्याला औषध नाही. हा रोग मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पसरवतो, म्हणून आधी माव्यावर फवारणी करा, मग झाड कंदासकट खणून काढा. त्याचा मुनवा शेजाऱ्याला चुकूनही देऊ नका. कोकणात केळ अशीच घरोघर फिरते आणि रोगही तिच्याबरोबर फिरतो.

राजेळी, वेलची उंच वाढतात. लोंगराच्या भारानं कलली असतील तर दोन बांबूंची कैची करून टेकू आजच द्या. शेवटची फणी उघडली की केळफूल कापून भाजीला घ्या.