नव्या रंगावरची 'संत्र्याची साल' घालवताना

गाडीच्या रंगावर टू-के क्लिअर कोट (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसत असेल, तर किमान 24 तास, पावसाळ्यात 48 तास थांबा. बोटाचं नख दाबून वळ उठला तर रंग अजून कच्चा आहे. तसाच घासला तर पॉलिश पेपरच्या दाण्यांत रंग अडकून बसतो आणि चरे पडतात.

1500 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा. बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळूनच घासा, नुसत्या बोटांनी खोबणी पडतात. कडा आणि बॉडी लाइनवर (पत्र्याच्या उठावदार रेघांवर) मास्किंग टेप लावा, तिथे थर सर्वांत पातळ असतो. सतत पुसून बघा: चमकणारे ठिपके म्हणजे उरलेले खड्डे. सगळीकडे एकसारखा मंदपणा आला की थांबा. पुढे 2000, मग 3000, दर वेळी घासायची दिशा आडव्याची उभी करा. निघणारं पाणी दुधाळ हवं. गाडीचा रंग उतरू लागला तर क्लिअर संपलंय, मग पुन्हा फवारण्याशिवाय इलाज नाही.

मग पॉलिशिंग मशीनवर कंपाउंड (घासल्याचे ओरखडे काढणारी पेस्ट) लोकरीच्या पॅडने, शेवटचं पॉलिश फोमने, साधारण 1200 ते 1500 आरपीएमवर. मशीन एका जागी रेंगाळू देऊ नका, उष्णतेने क्लिअर जळतं. वॅक्स मात्र महिनाभर नको.