झोपेशी भांडण सोडलं (माझा अनुभव)
बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत हिशेबाचं काम बघतो मी, मार्च एंडला झोपेची पार वाट लागलेली. अंथरुणावर पडलं की डोकं चालू, जीएसटी, पोराची फी, आणि सगळ्यात बेकार म्हणजे "आता झोप नाही लागली तर उद्या काय खरं नाही", की लगेच मोबाईलवर टाइम बघायचा आणि किती तास उरले मोजत बसायचं. वडगावच्या मामींनी जायफळ घातलेलं दूध सांगितलं, दूध चांगलं होतं एवढंच.

मग काउन्सेलर मॅडमनी 'अ‍ॅक्ट' थेरपीबद्दल (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) सांगितलं, स्टीव्हन हेज म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात सुरू केलेली. तिचा गाभा मानसिक लवचिकता, म्हणजे नको तो विचार हाकलायचा नाही, असू दे म्हणायचं आणि आपल्याला महत्त्वाचं ते करत राहायचं. झोप जबरदस्तीनं आणायला गेलं की शरीर उलट सावध होतंय हो.

तर आता विचार आला की मनात एवढंच म्हणतो, "उद्याचा दिवस वाया जाणार असा विचार आलाय", त्याच्याशी वाद नाही. मोबाईल बाहेरच्या खोलीत. अंदाजे वीसेक मिनिटं झाली तरी झोप नाही तर उठून बारक्या लाइटात बसतो, पाऊस असला तर पत्र्यावरचा आवाज ऐकतो, डोळे जड झाले की परत आडवा. उठायची वेळ रविवारीपण तीच, हे सगळ्यात जड गेलं बघा. विचार अजून येतातच, पण झोप लागती.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असलं काही असेल तर मात्र सरळ डॉक्टरकडे जावा, ते ह्यानं जाणार नाही.