लेक मिशिगनच्या गावांना वीकेंडला निघालात? या चुका टाळा

मे संपत आला की शिकागोकडच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तेच सुरू होतं, कुणाचे तरी आईबाबा भारतातून आलेले असतात, कुणीतरी विस्कॉन्सिनच्या डोर काउंटीचा फोटो टाकतं, कुणीतरी मिशिगनचं मॅकिनॉ आयलंड म्हणतं, आणि गुरुवार रात्रीपर्यंत प्लॅन असा झालेला असतो की शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, शनिवार तिथे, आणि रविवारी येताना अजून दोन गावं "वाटेतच आहेत की" म्हणून. वाटेत काही नसतं हो. हा लेक उत्तर-दक्षिण ३०० मैलांच्या वर लांब आहे आणि मधून रस्ता नाही. म्हणून गाव ठरवायच्या आधी काठ ठरवा, विस्कॉन्सिनचा की मिशिगनचा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

अंतराचा घोळ

ट्रॅफिक नसेल तर शिकागोहून विस्कॉन्सिनमधलं लेक जिनीव्हा किंवा मिलवॉकी साधारण दीड तास, मिशिगनच्या काठावरची सॉगाटक आणि हॉलंड अडीचच्या आसपास, डोर काउंटी साडेचार, ट्रॅव्हर्स सिटी साडेपाच आणि मॅकिनॉ सहाच्या वरच. यात शुक्रवार संध्याकाळचा ट्रॅफिक धरलेला नाही, तो धरला की कुठेही वर तासभर. दोन रात्रींचा वीकेंड असेल तर तीन तासांच्या पुढे जाऊच नये असं माझं मत आहे, पुढचं सगळं लाँग वीकेंडला ठेवा. बुकिंग आधीच करून बसला असाल आणि आता लक्षात येतंय, तर ट्रिप रद्द नका करू, दुसरं गाव रद्द करा.

नकाशात मिलवॉकी आणि मिशिगनच्या काठावरचं मस्कीगन समोरासमोर दिसतात म्हणून "शनिवारी इकडे, रविवारी तिकडे" म्हणणारे पण असतात. गाडीने जायचं तर खाली शिकागोला येऊन पूर्ण वळसा. नाहीतर फेरी बोट. मिलवॉकी ते मस्कीगन लेक एक्स्प्रेस, अडीच तास, आणि वर मॅनिटोवॉक ते लडिंग्टन एसएस बॅजर, चार तास, ही १९५३ पासून चालणारी कोळशावरची बोट आहे, आजोबांना आणि नातवाला दोघांना आवडते. दोन्ही गाडी घेतात, पण दोन्ही सीझनपुरत्याच चालतात आणि उन्हाळ्यात गाडीची जागा आधी बुक केली नाहीत तर धक्क्यावर उभं राहून टाटा करायचा.

घड्याळ

मिशिगन राज्य, वरचा एक छोटा तुकडा सोडला तर, ईस्टर्न टाइमवर आहे, म्हणजे शिकागोच्या एक तास पुढे. गंमत म्हणजे मिशिगन सिटी नावाचं गाव इंडियानात आहे आणि ते शिकागोच्याच वेळेवर चालतं, पण तिथून जेमतेम पंधरा मिनिटं पुढे न्यू बफेलो लागलं की एक तास गेला. सहाला निघालो, साडेआठला सॉगाटक, जेवू निवांत असं ठरवलेलं असतं आणि पोचता तेव्हा तिथे साडेनऊ वाजलेले असतात, छोट्या गावातली किचन्स नऊच्या सुमारास बंद. रिझर्व्हेशन तिथल्या वेळेचं असतं, फेरी तिथल्या वेळेची, चेकआउट पण. उशीर होणार हे कळलं की रस्त्यातूनच फोन करा, किंवा बेंटन हार्बरसारख्या मोठ्या ठिकाणी हायवेलाच खाऊन घ्या.

सूर्य कुठे मावळतो ते बघा

शिकागो आणि मिलवॉकीत लेकवर सूर्य उगवतो. मावळताना बघायचा तर मिशिगनच्या काठाला जायला हवं, जूनअखेरीस ग्रँड हेवनला सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या पुढे होतो. डोर काउंटीत दोन्ही मिळतं कारण ती पट्टी पाण्यात घुसलेली आहे: फिश क्रीक, ईफ्रेम, सिस्टर बे ही गावं ग्रीन बेच्या बाजूला, तिथे सूर्यास्त, आणि बेलीज हार्बर, केव्ह पॉइंट लेकच्या बाजूला, तिथे सूर्योदय. खाडीकडचं पाणी जरा कोमट पण असतं, लहान मुलं असतील तर तिकडेच हॉटेल घ्या. "लेक व्ह्यू" वाचून भलत्या बाजूला रूम घेतली असेल तरी हरकत नाही, पट्टी अरुंद आहे, वीसेक मिनिटांत पलीकडे जाता येतं.

"तळंच तर आहे"

ही चूक सगळ्यात महागात पडते म्हणून जरा सविस्तर सांगते. कोकणात वाढलेला माणूस समुद्रात उतरायच्या आधी भरती-ओहोटी विचारतो, इथे तो प्रश्नच येत नाही, पाणी गोडं, भरती जाणवतसुद्धा नाही, मग सगळे तळ्यात उतरल्यासारखे बिनधास्त उतरतात. पण वाऱ्याच्या लाटा समुद्रासारख्याच येतात आणि एकामागून एक फार पटापट येतात, श्वास घ्यायला मध्ये वेळ मिळत नाही. साऊथ हेवन, ग्रँड हेवन, सेंट जोसेफ इथले लाल-पांढरे लाइटहाउस आणि लांबच लांब पियर (पाण्यात गेलेले बांध) फोटोत छान दिसतात, पण त्या पियरच्या भिंतीला घासून बाहेर ओढणारा प्रवाह असतो. लाटा पियरवर चढत असतील तर फोटोसाठी पण जायचं नाही, आणि पियरला लागून पोहायचं तर कधीच नाही.

बीचवर झेंडे असतात, हिरवा, पिवळा, लाल. दोन लाल म्हणजे पाणी बंद. बऱ्याच बीचवर लाइफगार्ड नसतो, त्यामुळे झेंडा बघणं तुमच्याच डोक्यावर. प्रवाहात सापडलात तर काठाकडे जिवाच्या आकांताने हात मारू नका, पाठीवर व्हा, तरंगा, दम घ्या, प्रवाह कुठे नेतोय ते बघा आणि मग त्याच्या आडवं बाजूला निघा. दुसरं कुणी सापडलं असेल तर त्याच्याकडे तरंगणारं काहीतरी फेका आणि ९११ लावा, आपण उडी मारायची नाही.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. मिशिगनच्या काठावर पूर्वेचा वारा असला की पाणी अगदी शांत दिसतं, कारण वारा जमिनीकडून येतोय. तेव्हाच मुलांचे ते फुगवायचे फ्लेमिंगो आणि ट्यूब सरळ आत जायला लागतात, आणि बाबा त्यांच्यामागे. त्याच वाऱ्याने वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं थंड वर येतं, म्हणून काल पोहता आलं तिथे आज पाय टाकवत नाही असं जुलैत पण होतं.

वाळूची टेकडी

ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ड्यून क्लाइंब ही चढायची जागा, मुलं तिथे खुशाल दमवा. पिअर्स स्टॉकिंग ड्राइव्हवरचा लेक मिशिगन ओव्हरलुक ही वेगळी, तिथे ४५० फुटांचा सरळ उतार पाण्यापर्यंत जातो, खाली पळत जायला पाच मिनिटं पण लागत नाहीत आणि वर यायला माणसं दोन-दोन तास हातापायांवर रांगतात. तिथे पाटी आहे, बचावाला माणसं बोलवावी लागली तर खर्च तुमच्याकडून घेऊ अशा अर्थाची. गुडघे दुखणाऱ्या काकांनी "तरुण उतरतायत की" म्हणून सुरुवात केली तर तिथेच थांबवा. वरून जे दिसतं तेच उत्तम आहे.

मॅकिनॉ

बेटावर १८९८ पासून मोटारगाड्यांना बंदी आहे. तरी लोक भरपूर सामान, कूलर, स्ट्रोलर घेऊन धक्क्यावर येतात. गाडी मॅकिनॉ सिटीत किंवा सेंट इग्नसला ठेवून फेरी घ्यायची, पुढे सायकल, घोडागाडी किंवा पाय. बेटाभोवतीचा रस्ता आठ मैलांचा आणि बहुतेक सपाट, सायकलवर मस्त. आईबाबांना घोडागाडीची टूर. ग्रँड हॉटेलचा तो प्रसिद्ध व्हरांडा बघायला बाहेरच्यांना तिकीट लागतं आणि संध्याकाळी साडेसहानंतर नीट कपडे लागतात, शॉर्ट्सवर आत सोडत नाहीत. परतीची शेवटची फेरी किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या, सीझनप्रमाणे बदलते. आणि एवढं वर आलोच आहोत तर सू लॉक्सची (जहाजं वर-खाली करून पुढे सोडणारे पाण्याचे दरवाजे) जहाजं पण बघू म्हणाल, बघा जरूर, पण ती अमेरिकेच्या बाजूनेच दिसतात. आय-७५ हायवेवरचा शेवटचा एक्झिट चुकवलात तर थेट कॅनडाच्या पुलावर, आणि व्हिजिटर व्हिसावरच्या आईबाबांकडे कॅनडाचा व्हिसा नसतो.

खाणं, राहणं, तिकिटं

सीझनमध्ये बरीच हॉटेलं दोन रात्रींशिवाय देत नाहीत, एका रात्रीसाठी शोधत बसू नका, रविवार-सोमवार बघा, स्वस्त पण पडतं. डोर काउंटीचा फिश बॉइल, म्हणजे उघड्यावर मोठ्या कढल्यात मासे, बटाटे, कांदे आणि शेवटी आगीचा भडका, त्याला आधी बुकिंग लागतं, ऐनवेळी नुसतंच बघून परत येता. छतावर बकऱ्या चरतात ते सिस्टर बेचं रेस्टॉरंट आहेच, पण पाऊस-थंडी असली की बकऱ्या वर नसतात, मुलांना प्रॉमिस करू नका. शाकाहाऱ्यांना चीज कर्ड्स आणि पिझ्झा, झालं. दशम्या, चटणी, मेतकूट आणि छोटा राइस कुकर न्या. भाड्याच्या कॉटेजमध्ये फोडणी द्यायचीच असेल तर आधी खिडक्या उघडा, हिंग-मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म तडतडतो.

इंडियाना ड्यून्स २०१९ मध्ये नॅशनल पार्क झालं, पण त्याला चिकटून स्टेट पार्क पण आहे आणि त्याचं तिकीट वेगळं, तुमचा वार्षिक नॅशनल पार्क पास तिथे चालत नाही. पार्किंग सकाळीच भरतं. शिकागोहून साऊथ शोअर ट्रेन जाते, ती घ्या की.

लेक जिनीव्हाला सगळे बोटीच्या रांगेत उभे असतात आणि पलीकडे विल्यम्स बेला यर्क्स ऑब्झर्व्हेटरी आहे तिकडे फिरकत नाहीत. १८९७ ची, जगातली सगळ्यात मोठी भिंगाची दुर्बीण तिथे आहे, ४० इंची, आणि नोबेल मिळालेले आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर कित्येक वर्षं तिथेच काम करत होते. टूर ऑनलाइन बुक करावी लागते.

सीझन चुकला तर

नोव्हेंबर ते एप्रिल डोर काउंटीतली अर्धी दुकानं बंद, मॅकिनॉ तर जवळजवळ झोपलेलं. हॉलंडचे ट्युलिप मेच्या पहिल्या पंधरवड्यात, चेरी जुलैत, डोर काउंटीचे पानांचे रंग ऑक्टोबरच्या मध्यावर. हिवाळ्यात शिकागोत ऊन आहे म्हणून मिशिगनकडे निघू नका, लेकवरून येणारा वारा पलीकडच्या काठावर बर्फ ओततो. जानेवारी २०१५ मध्ये मिशिगनमधल्या कलामाझूच्या पुढे आय-९४ हायवेवर १९३ गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. हवामान बघताना शिकागोचं नाही, सेंट जोसेफचं बघा.

आणि परतीचं. रविवारी दुपारी तीन ते सात अख्खा मिशिगनचा काठ शिकागोकडे निघालेला असतो आणि सगळे इंडियानातल्या गॅरीपाशी अडकतात. एकतर सकाळी नाश्ता करून निघा, नाहीतर सरळ सूर्यास्त बघून रात्रीच निघा, येताना तो एक तास परत मिळतोच, साऊथ हेवनहून बाराच्या आत घरी. फक्त गावातून हायवेला लागेपर्यंत हळू चालवा, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, आणि एक दिसलं की मागून दुसरं येतंच.